घर म्हंजे कोनाचं?

सहा वर्षं मी वस्तूंची वयं लिहिण्याची नोकरी केली. पुष्कळदा एकाच वस्तूची दोन. परदेशातल्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये जी मूर्ती साडेतीनशे वर्षांची असे, तीच बंदरावर दाखवायच्या कागदात 'नवीन लाकडी हस्तकाम' असे. दोन्ही कागद मीच टाइप करायची, एकापाठोपाठ एक, त्याच खुर्चीत बसून. नोकरी सुटून चार वर्षं झाली, तरी घरचा फोन वाजला की तिसऱ्या घंटीपर्यंत मी उचलत नाही. पलीकडे कोण असेल याचा अंदाज बांधत राहते, आणि अंदाज दरवेळी एकाच माणसाचा असतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना आधी तो सांगते. परदेशातल्या मोठ्या लिलावगृहांत उंच टेबलामागे एक माणूस हातोडा घेऊन उभा असतो, हे चित्र सगळ्यांना माहीत आहे. पण तो हातोडा पडण्याच्या कितीतरी महिने आधी कुठेतरी कोणीतरी त्या वस्तूच्या फोटोखाली चार ओळी लिहीत बसलेलं असतं. काय आहे, कशाचं आहे, केव्हाचं आहे आणि कुठून आलं. पहिल्या तिन्हींची उत्तरं वस्तू स्वतः देते. चौथं उत्तर माणसाला द्यावं लागतं. मुरलेलं गिऱ्हाईक चौथी ओळ आधी वाचतं. आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही, तसा कायदा आहे. म्हणून दोन वयं.

मुंबईत आमची पेढी होती. पेढी म्हणजे दोन खोल्या, मागे दुरुस्तीचा कारखाना आणि दळवी सर. सरांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. कुणाची चूक झाली की ते त्याला समोरची खुर्ची दाखवायचे आणि म्हणायचे, "बस ना." मग चहा मागवायचे. 'बस ना' ऐकू आलं की आम्ही बाकीचे टेबलावरच्या कागदांत तोंड खुपसायचो. त्या खुर्चीतून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी आलेला मला आठवत नाही.

माझे वडील, म्हणजे अण्णा, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. नळाला पाणी नाही, चाळीचं भाडं वाढवलं, विरारच्या आमच्या मनवेलपाड्यात गटारावर झाकण नाही, की अण्णांचं पत्रक तयार. मी अक्षरं त्या पत्रकांवरून शिकले. घड्या मी घालायची. अण्णांचा नियम एकच होता: तळाशी लिहिणाऱ्याचं नाव आणि पत्ता पाहिजे. "नाव नसेल तर ती अफवा," ते म्हणायचे, "आणि अफवेला माझी पोरगी घड्या घालणार नाही."

अशा घरातली मुलगी दोन वयं टाइप करायच्या खुर्चीत कशी जाऊन बसली, असं लोक विचारतात. मला लिहिता येत होतं आणि लिहिणाऱ्याला कोणीतरी बोलावलं होतं. शिवाय पहिली दोन वर्षं मला मनापासून वाटायचं की मी इतिहासाचं काम करते आहे. काम येतही होतं. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद मी वासावरून ओळखायची. नव्या लाकडाला जुनं दाखवायला कोणी किडीची भोकं पाडली, तर ती सरळ आत जातात. खरा किडा वळणं घेत जातो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, बघून बघून कळलं. त्याचा अभिमान मला आजही आहे, नाकारत नाही.

गिऱ्हाइकं सगळी परदेशी नसत. नालासोपाऱ्याला स्वस्त फ्लॅट बांधणारे एक बिल्डर यायचे. पहिल्याच भेटीत म्हणाले, "मॅडम, पूर्वज पाहिजेत."

"कोणाचे?"

"आमचेच. हॉलमध्ये लावायचेत. चार बस झाले. मिशीवाले द्या, आमच्यात सगळे मिशीवाले."

कुठल्या कुठल्या घरांतून आलेली तैलचित्रं मी त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी तीन निवडली. चौथ्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे नको. यांनी मला ओळखलं नाही." जाता जाता सांगून गेले की नव्या इमारतीचा पाया खणताना हातभर लांबीच्या जुन्या विटा निघाल्या होत्या. मी घाईने विचारलं, "कुठे आहेत?" ते म्हणाले, "भरून टाकल्या की. जुनं ठेवायला जागा कुठाय?" आणि तीन परके आजोबा गाडीत घालून गेले. त्या दिवशी मी खूप हसले. आपण त्या माणसापेक्षा वेगळ्या आहोत असं मला वाटत होतं.

आता मूळ गोष्ट.

सरांचा एक खास शब्द होता, 'बदली'. चोरीचा माल सर घेत नसत, ते त्यांना कमीपणाचं वाटे. ते बदली करायचे. गावातली जुनी, रंग उडालेली मूर्ती बघायची, ती आता मोडेल असं गावाला पटवायचं आणि तिच्या जागी फायबरची नवी चकचकीत मूर्ती फुकट द्यायची. गाव खूश. वर गावच आपल्याला हात जोडायचं.

एक दिवस सरांनी माझ्यापुढे एक फोटो ठेवला. "तुमच्याच भागातलं आहे. तू गेलीस तर त्यांना परकं वाटणार नाही."

अर्नाळ्याच्या बाजूचा एक लहान कोळीवाडा होता. नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या दुसरा कुणी दळवी गाडी काढेल. बोंबील वाळवायच्या काठ्यांच्या रांगेमागे एक कपेल, म्हणजे खोलीएवढं प्रार्थनाघर. आत संत पेत्राची दीड हात उंच लाकडी मूर्ती. पेत्र स्वतः मासेमार, म्हणून कोळ्यांना जवळचा. नखापासून टाळूपर्यंत निळाभोर, दाढी पांढरी, डोळ्यांच्या जागी कोणीतरी काळे ठिपके दिलेले. रंग होता नावेचा. दरवर्षी होड्या पाण्यात घालण्याआधी रंगवायच्या आणि डब्यात उरलेला रंग पेत्राला द्यायचा, अशी तिथली रीत.

"नावेला रंग, आन नावेच्या मालकाला नको?" इनासमामा म्हणाले. कपेलाची चावी त्यांच्याकडे असायची. सत्तरीचा माणूस, हातांवर दोरीचे वळ.

मी म्हणाले, "मामा, मी इथलीच, मनवेलपाड्याची. लाकडाला कीड लागली आहे. दोन वर्षांत पीठ होईल. आम्ही नवी मूर्ती देतो."

भोकं खरी होती. पण त्यांतून ताजी भुकटी पडत नव्हती. कीड मरून शंभरएक वर्षं झाली असतील. हे मला पहिल्या नजरेत कळलं होतं आणि मी बोलले नाही.

मग कागद. असा कागद हाताने लिहायचा असतो, टाइप केला की संशय येतो. मी लिहिलं, 'ही मूर्ती आमच्या घरात तीन पिढ्यांपासून असून ती मी राजीखुशीने देत आहे.' कपेलातली वस्तू सगळ्या गावाची, ती एकट्या माणसाला देता येत नाही. घरातली देता येते. सगळी मेख त्या एका शब्दात होती.

इनासमामांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. 'घरात'वर बोट थांबलं.

"घर म्हंजे कोनाचं?"

"तुमचंच," मी म्हणाले.

ते हसले. "बराबर. कपेल म्हंजे आमचं घरच." आणि त्यांनी सही केली.

त्यांना काय समजलं हे मला त्याच क्षणी समजलं होतं. मी सांगू शकत होते. मी कागदाची घडी घातली. घड्या घालायची सवय मला लहानपणापासूनची.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, मनवेलपाड्याच्या आमच्या दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर रिकामी पाटी, लुगडं गुडघ्याशी ओलं. अण्णा खाटेवर पडून पेपर वाचत होते.

"लिवनारी पोरगी तूच?"

"हो. तुम्ही?"

"इनासची बायको. नाताल." ती उंबऱ्यातच बसली. "मी त्या दिशी वसईच्या बाजाराला गेलेली. मी असती तर तू देव नेला नसता. पानी दे आदी."

मी पाणी दिलं. तिने तांब्या एका दमात संपवला.

"मावशी, नवी मूर्ती चांगली आहे की."

"चांगली हाय. गुळगुळीत हाय. त्याच्या अंगावर एकबी वरीस नाय." तिने पाटी खाली ठेवली. "सात वरसं झाली, माजा पोर दर्यावरून आला नाय. नाव बी नाय, फळी बी नाय. त्या वरसाला आमी देवाला रंग नाय दिला. नावेचा डांबर होता, तो पाठीला फासला. काळी केली पाठ त्याची. सगला गाव कपेलात उबा होता. मंग दुसऱ्या वरसाला पुन्ना रंग. पन डांबर आत हाय ना? मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बोलतंय. माज्या पोराला कबर नाय, बाय. तो रंगाखाली हाय."

ती उठली, पाटी उचलली. "तू परत आन," एवढंच म्हणाली. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

ती गेल्यावर अण्णांनी पेपर खाली केला.

"कागद कोणी लिहिला?"

"मी."

"खाली नाव कोणाचं?"

"इनासमामांचं."

अण्णांनी पेपर पुन्हा वर घेतला. त्या दिवशी पेपरचं पान उलटलेलं मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट कारखान्यात गेले. तिथे मोरेश्वरकाका दुरुस्तीचं काम करायचे. लाकडाचा मोठा जाणता माणूस. मूर्ती टेबलावर आडवी होती. फोटोसाठी चेहरा आधी लागतो, म्हणून त्यांनी चेहरा साफ केला होता. निळ्या रंगाखालून एक थकलेला, किंचित उघड्या ओठांचा म्हातारा निघाला होता, काहीतरी कबूल करायच्या बेतात असलेला. सहा वर्षांत इतका सुंदर चेहरा माझ्या हाताखालून गेला नव्हता. असं मला त्या क्षणीसुद्धा वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

"पाठ केली का काका?"

"उद्या. आज नुसती खिडकी उघडली बघ."

रंग किती जाड आहे हे बघायला टपाल तिकिटाएवढी जागा खरवडतात, तिला खिडकी म्हणतात. काकांनी भिंग दिलं. कडेला थर दिसत होते, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. काका सुरीच्या टोकाने मोजू लागले, "निळा, हिरवा, निळा, लाल, हिरवा, निळा, हिरवा. सात. आणि हे आठवं बघ. डांबर! देवाला डांबर कोण फासतं गं?"

मी सांगितलं कोण फासतं ते.

काकांनी सुरी पुसून ठेवली. बराच वेळ ते हाताला लागलेला रंग काढत बसले. "मला सांगितलेलं काम मी करतो, पोरी. माझं घर त्यावर आहे," ते म्हणाले. "उद्या सकाळी पाठीला रंग काढायचं औषध लावणार. आज मात्र दात दुखतोय. जेवायला वेळ लागेल, दुपारी इकडे माझं लक्ष नसेल."

त्या दिवशी मूर्तीच्या चार ओळी फॅक्सने परदेशी पाठवायच्या होत्या. सर आणि बाकीचे एक ते दोन जेवायला बाहेर जात. मी एक वाजता टाइपरायटरला कागद लावला. एकाच शब्दात दोन-दोन चुका होत होत्या. काय आहे, कशाचं आहे, केव्हाचं आहे हे मी नेहमीसारखं लिहिलं. मग चौथी ओळ. मूर्ती कोणत्या गावच्या कपेलातली, तिथून कशी आणली, 'घर' या शब्दाने म्हाताऱ्याला कसं फसवलं, बंदरावर तिला नवी म्हणून कसं दाखवणार आहेत, आणि आठव्या थरात कोणाचा मुलगा आहे. तळाशी माझं नाव, मनवेलपाडा, विरार पूर्व.

फॅक्सचं यंत्र कागद इंच इंच आत ओढत होतं. अर्धा कागद गेला आणि जिन्यावर चपला वाजल्या. कागद मागे खेचावा असं मला वाटलं. खरं सांगते, हात पुढे गेला होता. दार उघडलं. पोस्टमन होता. त्याने टपाल ठेवलं, "ताई, बरं नाही का?" म्हणाला आणि गेला. तोवर कागद पलीकडे पोचला होता.

त्या दुपारी मी सरांना सांगितलं की तिकडून वर्णनाचं उत्तर आल्यावरच पाठ साफ करू, त्यांना जुना रंग बघायचा असेल. सहा वर्षांत मी सरांशी बोललेलं हे पहिलं खोटं. सर "बरं" म्हणाले. पुढचे पाच दिवस मी काय खाल्लं, कशी गेले-आले, आठवत नाही. जिन्यावरचा प्रत्येक पाय मला त्यांचा वाटे. अण्णांना मी फॅक्सची प्रत दाखवली होती. त्यांनी ती वाचली, तळाचं नाव-पत्ता पुन्हा एकदा बघून परत दिली आणि आतून दाराला कडी घातली. आमच्या चाळीत दिवसा कोणी कडी घालत नसे.

सहाव्या दिवशी सरांनी हाक मारली.

"बस ना."

मी बसले. चहा आला. त्यांच्यापुढे परदेशचं उत्तर होतं, दोन ओळींचं. ही वस्तू आम्ही विक्रीस घेणार नाही. आपला मजकूर आमच्या दप्तरी जपून ठेवला आहे.

"तुझं वर्णन त्यांनी मला परत पाठवलं. चार वेळा वाचलं मी," सर म्हणाले. "एक शब्द जास्त नाही. चहा घे, निवेल."

"सर, ती मूर्ती..."

"म्हाताऱ्याला फसवलं असं लिहिलंयस. कोणी फसवलं? त्या कागदावर अक्षर तुझं आहे."

"हो सर."

"बंदराच्या कागदांवर सही?"

"माझी."

"मग यात मी कुठे आहे?" त्यांनी हे इतक्या साधेपणाने विचारलं की मीही क्षणभर शोधलं. ते कुठेच नव्हते. सहा वर्षांच्या एकाही कागदावर नव्हते.

"संध्याकाळपर्यंत ती माझ्या छपराखाली नको," ते म्हणाले. "तुझी तू ने. माझ्याकडे ती कधी आलीच नव्हती." मी उठले तेव्हा त्यांनी अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "तुझे वडील दुपारचे घरी एकटेच असतात ना? जप त्यांना."

काकांनी मूर्ती गोधडीत गुंडाळून टेम्पोत ठेवली. हायवेवर खाकी कपडा दिसला की मी गोधडीवर हात ठेवायची. माझ्याकडे एकही कागद नव्हता आणि मांडीवर साडेतीनशे वर्षं होती. पकडलं असतं तर चोर मीच ठरले असते, आणि ते फार चुकलंही नसतं.

कपेलात सगळ्या गावापुढे गोधडी सोडली. तो उघडा लाकडी चेहरा त्यांनी कधीच पाहिला नव्हता. मागून कोणीतरी म्हणालं, "हा कोन?"

नाताल मावशी पुढे आली. तिने चेहऱ्याकडे बघितलंही नाही. मूर्ती फिरवली, पाठीवरून हात फिरवत आणला आणि खिडकीवर बोट थांबवलं. वाकून बघितलं.

"हाय," ती म्हणाली. मग दोन्ही हात तिथे ठेवून तशीच उभी राहिली.

मी इनासमामांकडे गेले. माफी मागायची वाक्यं वाटेत जुळवली होती. त्यांनी ती ऐकून घेतली नाहीत.

"मी तुला इचारलं होतं, घर म्हंजे कोनाचं."

"हो मामा."

"तुला ठावं होतं."

"हो."

"मंग तुजा देव घेऊन जा."

फायबरची मूर्ती त्याच टेम्पोतून मनवेलपाड्याला आली. ती आमच्या कपाटाशेजारी उभी आहे. दुसऱ्या कोणाला देता येत नाही, टाकवत नाही. अण्णा तिला 'तुझा सहकारी' म्हणतात.

पुढच्या वर्षी होड्या रंगवायच्या दिवसांत मी गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललंही नाही. पेत्राचा चेहरा पुन्हा निळा झाला, डोळ्यांना ठिपके आले. एवढं सुंदर लाकूड झाकलं जाताना माझा जीव तुटला आणि मी तोंड उघडलं नाही. पाठ रंगवायची वेळ आली तेव्हा मावशी एकदाच बोलली, "खिडकी सोड." कुंचला टपाल तिकिटाएवढी जागा वगळून गेला. तेव्हापासून दरवर्षी ती वगळतात.

आमच्याकडे अजून कधी कधी फोन येतो आणि पलीकडे कोणी बोलत नाही. चुकीचा नंबर असेल. अण्णा दुपारची कडी अजून घालतात.

हे सगळं आता छापायला देताना मला भीती वाटते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पण एक मूर्ती परत गेली, कारण एक बाई चालत माझ्या दारापर्यंत आली. बाकीच्यांना माझं दार माहीत नव्हतं. मला आठवतं तेवढं लिहिते. एक दगडी गणपती, दीड वीत उंच, पाठीवर विळ्यांना धार लावल्याच्या खुणा. एक पितळी घंटा, जिच्या हरवलेल्या लोलकाच्या जागी सायकलचा नट अडकवला आहे. एका देव्हाऱ्याचं उजवं दार, ज्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने कुणा मुलाची वाढत गेलेली उंची मांडली आहे. तिन्हींच्या कागदांत 'आमच्या घरात' असं लिहिलेलं आहे. घर कोणाचं, ते मी विचारलं नव्हतं.

यातलं काही तुमचं असेल, तर तुमच्या हातून गेलेल्या कागदाची प्रत काढा आणि नीट बघा. खाली सही तुमच्या कोणाची तरी असेल. अक्षर माझंच आहे.